बॅकअप आहे, पण रिस्टोअर कोण करून बघणार? कुत्र्याच्या गोठवलेल्या वीर्याची गोष्ट

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत. थोडे राहिलेत, चालवून घ्या.)

हा भाग लोकलमध्ये स्पीकरवर ऐकत असाल तर आत्ताच हेडफोन लावा. आज वीर्य हा शब्द खूपदा येणार आहे, आणि शेजारच्या काकांना अर्धवट ऐकू आलं तर ते तुमच्याकडे बघत बसतील. मी आधीच सांगितलंय.

सुरुवात मामाच्या फोनपासून करतो. माझा मामा जत तालुक्यात राहतो. सांगली जिल्हा, पण पुढं विजापूरची हद्द लागते. त्याच्याकडे बाज्या नावाचा कुत्रा आहे. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, पोट आत गेलेलं. शहरातल्या माणसाला वाटतं याला खायला मिळत नाही. पण ही जातच तशी. कुणी कारवान म्हणतं, कुणी मुधोळ. बाज्या आता दहा वर्षांचा झालाय.

रात्री साडेनऊला मामाचा फोन. "काय रं इंजिनेर, एक सांग. वळूचं बीज गोठवून ठेवत्यात, तसं आमच्या बाज्याचं ठेवता येतंय का? म्या रील बघितलं मोबाईलवर."

मी म्हटलं, "मामा, मी सॉफ्टवेअरवाला आहे, जनावरांचा डॉक्टर नाही."

"ठावं हाय मला. पर तुला शोधून काढता येतंय न्हवं? एवढंच बघ. ठेवलं, तर पुढं पिल्लं हुतील का न्हाई, हे आधी कळतंय का?"

आजचा अख्खा भाग या एका प्रश्नावर आहे. पुढं पिल्लं होतील की नाही, हे आधी कळतं का?

नमुना काढायची जुनी कला

मी कॉटन ग्रीनला राहतो. हार्बर लाईनवर उतरलात की जवळच कॉटन एक्स्चेंजची जुनी इमारत आहे आणि आजूबाजूला गोदामं. मुंबईचा कापूसबाजार आधी कोटातल्या हिरवळीवर भरायचा, मग तो कुलाब्याला गेला आणि १९२० च्या दशकात इकडं शिवडीच्या बाजूला आला. "ग्रीन" हे नाव त्या पहिल्या हिरवळीचं, ते बाजाराबरोबर इथपर्यंत आलं. आता इथं हिरवळ नाही आणि कापूसही नाही, स्टेशनच्या पाटीवर तेवढा आहे.

माझे आजोबा या गोदामांत कामाला होते. ते सांगायचे, कापसाची गाठ दाबून, पट्ट्या मारून बंद केलेली असते. आत काय आहे ते दिसत नाही. मग पारखी माणूस गाठीतून मूठभर रुई काढतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो, परत जुळवतो, परत ओढतो. शेवटी बोटांत तंतूंची एक सरळ झुलपी राहते. तिच्यावरून तो तंतूची लांबी सांगतो, आणि त्या मूठभर नमुन्यावर अख्ख्या मालाचा भाव ठरतो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. आजची गाठ १७० किलोची असते. मूठभर रुई काढल्यानं तिचं काही बिघडत नाही. नमुना तपासायचा खर्च जवळजवळ शून्य.

आमच्या धंद्यात याचा भाऊ म्हणजे बॅकअप. सर्व्हरचा डेटा रोज रात्री कॉपी होतो, स्क्रीनवर हिरवी टिक येते आणि सगळे खुश. पण जुना माणूस टीममध्ये असेल तर तो विचारतो, "रिस्टोअर करून बघितला का?" परत उभा करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, ती नुसती आशा असते. माझ्या पहिल्या नोकरीत हे मी एका रविवारी रात्री दोन वाजता शिकलो. जास्त सांगत नाही.

गोठवलेलं वीर्य म्हणजे तसाच बॅकअप. फक्त तो रिस्टोअर करून बघितला की संपतो. आणि कुत्र्याच्या बाबतीत तो मुळातच फार थोडा असतो. हे माणसाला कसं कळत गेलं, ते आता बघू.

पाव्हियातली कुत्री

वीर्यात हलणारे जीव असतात हे १६७७ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहुकनं मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पण ते जीव करतात काय, हे शंभर-दीडशे वर्षं कुणालाच नीट माहीत नव्हतं. हलतायत म्हणजे काहीतरी करत असतील, एवढंच.

मग येतो लाझारो स्पालान्झानी. इटलीत पाव्हियाला प्राध्यापक, आणि पेशानं पाद्रीसुद्धा. १७८० मध्ये त्यानं एक स्पॅनियल जातीची कुत्री खोलीत कोंडून ठेवली, कुठलाही कुत्रा जवळ जाणार नाही अशी. ती माजावर आल्यावर त्यानं कुत्र्याचं वीर्य शरीराच्या तापमानाइतक्या कोमट पिचकारीतून तिच्या गर्भाशयापर्यंत पोचवलं. ६२ दिवसांनी तीन पिल्लं झाली. सस्तन प्राण्यातलं नीट नोंद झालेलं हे पहिलं कृत्रिम रेतन. गायीत नाही, घोड्यात नाही, माणसात नाही. कुत्रीत.

याच स्पालान्झानीनं त्याआधी वीर्य बर्फात गार करून पाहिलं होतं. शुक्राणू हलायचे थांबले, आणि ऊब मिळाल्यावर परत हलायला लागले. म्हणजे "गारठा म्हणजे मरण असं नाही" ही पहिली खूण त्याचीच.

गंमत पुढं आहे. त्यानं बेडकाचं वीर्य गाळण-कागदातून गाळलं. खाली पडलेल्या पाण्यानं अंडी फळली नाहीत, कागदावर राहिलेल्या गाळानं फळली. उत्तर समोर होतं. तरी हा माणूस म्हणाला, हलणाऱ्या किड्यांचा फलनाशी संबंध नाही, ताकद द्रवात आहे. कारण त्याच्या मते जीव आधीच अंड्यात तयार असायचा. तसाच प्रयोग परत करून शुक्राणूच कामाचे आहेत हे प्रेव्होस्त आणि द्युमा यांनी १८२४ मध्ये मांडलं.

मला स्पालान्झानीवर हसावंसं वाटत नाही. "हलणं" आणि "फळणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा संशय त्याच्या डोक्यात होता. त्यानं निष्कर्ष चुकीचा काढला, पण संशय अगदीच फुकट नव्हता. पुढं बघा.

चुकीच्या लेबलची बाटली

बर्फापर्यंत ठीक होतं. खरं गोठवायचं म्हटलं की पेशीतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी आतून फाटते. फ्रीजरमधली काचेची बाटली जशी तडकते, तशी.

१९४० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या मिल हिल इथल्या संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचं वीर्य साखरेच्या पाण्यात गोठवायच्या मागं लागले होते. काही जमत नव्हतं. काही महिन्यांनी त्यांनी थंड कपाटातली तीच जुनी बाटली काढली, आणि या वेळी शुक्राणू गोठून परत हलायला लागले! बाटली तपासली तर लेबलांची अदलाबदल झालेली. आत साखर नव्हतीच, ग्लिसरॉल होतं. १९४९ मध्ये हे छापून आलं. आजही बैलाचं, माणसाचं, कुत्र्याचं वीर्य गोठवताना त्यात ग्लिसरॉल असतं.

ही गोष्ट बहुतेक जण इथंच थांबवतात, चुकीच्या लेबलची कमाल म्हणून. पुढचा भाग जास्त कामाचा आहे. ते हलणारे शुक्राणू कोंबड्यांना दिल्यावर अंडी फारशी फळेनात. मायक्रोस्कोपखाली सगळं झकास, कोंबडीत काही नाही. कारण ग्लिसरॉल कोंबडीच्या शरीरात गर्भनिरोधकासारखं वागतं. देण्याआधी ते काढून टाकलं तेव्हा पिल्लं निघाली.

म्हणजे शोधाच्या पहिल्याच पावलावर हा धडा मिळाला होता. हिरवी टिक आली, रिस्टोअर फेल.

उरुळी कांचनचा हिशोब

आता घरी येऊ. मामा जे "वळूचं बीज" म्हणतो, त्याला आपले पशुवैद्यक "रेत" म्हणतात आणि एका डोसाला "रेतमात्रा". भारतात कृत्रिम रेतन १९३९ मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्ममध्ये संपत कुमारन यांनी सुरू केलं. १९४२ पासून इज्जतनगरच्या संस्थेत त्यावर पद्धतशीर काम झालं. पण तेव्हा ताजं रेत वापरायचं, ते दोन-तीन दिवसांत वाया जायचं, आणि लांबच्या गावाला पोचायचंच नाही.

महाराष्ट्रात हे चित्र बदललं त्यात उरुळी कांचनचा मोठा वाटा. १९४६ मध्ये गांधीजी तिथं निसर्गोपचारासाठी राहिले, आणि मणिभाई देसाई नावाचा तरुण कार्यकर्ता तिथलं काम बघायला मागं थांबला तो कायमचा. १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था उभी केली. गोठवलेलं रेत शेतकऱ्याच्या दारात न्यायचं, हे तिचं मुख्य काम. मोटरसायकलला द्रवरूप नायट्रोजनचा डबा बांधलेला, त्यात उणे १९६ अंशांवर बारीक प्लास्टिकच्या स्ट्रॉ, आणि गाय माजावर आली की घरी हजर. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इथं बैलाचा हिशोब समजून घेऊ, म्हणजे पुढं कुत्र्याची अडचण कळेल. वळूच्या एका वेळच्या रेतातून शेकडो स्ट्रॉ भरता येतात. भारतातल्या नियमांप्रमाणे एका मात्रेत २ कोटी शुक्राणू असावेत आणि वितळवल्यावर त्यातले निदान ५० टक्के पुढं पळताना दिसावेत. प्रत्येक बॅचमधल्या एक-दोन स्ट्रॉ वितळवून बघतात. त्या गेल्या तरी बिघडत नाही. आजोबांच्या गाठीतली मूठभर रुई.

आणि खरी परीक्षा त्याच्याही पुढं असते. एकाच वळूच्या मात्रा हजार गायींना दिल्या. किती परत माजावर आल्या, किती गाभण राहिल्या, याची नोंद ठेवली. समजा हजारातल्या ५०० गाभण राहिल्या. मग त्या वळूचा खरा आकडा साधारण ४७ ते ५३ टक्क्यांच्या मध्ये आहे असं बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. एखाद्या गायीला आजार होता, एखाद्या ठिकाणी उशीर झाला, हे सगळं हजारांत विरून जातं.

कुत्र्याचं गणित वेगळं

गोठवलेल्या वीर्यापासून कुत्र्याची पिल्लं झाल्याची बातमी १९६९ मध्ये अमेरिकेतून आली, स्टीफन सीगर यांच्या कामातून. गायींच्या बऱ्याच मागून. कृत्रिम रेतनात कुत्री पहिली, आणि गोठवण्यात मागं.

कारणं साधी आहेत. कुत्र्याच्या एका वेळच्या वीर्यात काही कोटी ते शंभरेक कोटी, कधी जास्त शुक्राणू असतात. ऐकायला भरपूर. पण कुत्रीच्या एका मात्रेला साधारण १० ते २० कोटी जिवंत, पळणारे शुक्राणू लागतात, आणि गोठवण्यात बरेच मरतात. म्हणजे हातात येतात मोजक्याच मात्रा. एक वितळवून बघितली की साठ्यातला मोठा तुकडा गेला. मूठभर रुई काढायला गेलो आणि पाव गाठ संपली, असं.

दुसरं, कुत्री वर्षातून साधारण दोनदाच माजावर येते. एक प्रयत्न चुकला की सहा महिने थांबा.

आता आकडा काढू. एका कुत्र्याचं गोठवलेलं वीर्य तीन कुत्र्यांना दिलं आणि त्यातल्या दोघींना पिल्लं झाली. रीलमध्ये लिहितील, "६७ टक्के यश!" पण तीनपैकी दोन एवढ्याच माहितीवर खरा आकडा ९ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतो. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. म्हणजे या आकड्यानं आपल्याला जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही.

मशीन काय मोजतं

मग मायक्रोस्कोप उरतो. माझा शाळेतला एक मित्र जनावरांचा डॉक्टर झालाय. त्याच्याकडे जाऊन मी वळूची एक स्ट्रॉ वितळवलेली पाहिली. ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट, मग काचेवर एक थेंब. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. उणे १९६ वरून आलेली वस्तू, आणि आत गर्दी पळतेय. दादर स्टेशनच्या पुलावर सकाळी नऊला असते तशी.

मित्र म्हणाला, "आता सांग, यातले किती चांगले?"

मी म्हटलं, "सत्तर टक्के?"

तो म्हणाला, "मी पंचावन्न म्हणेन. दुसरा कुणी साठ म्हणेल. म्हणून मशीन आलं."

मशीन म्हणजे कॅमेरा आणि सॉफ्टवेअर. सेकंदाला ठरावीक फ्रेम काढायच्या, प्रत्येक शुक्राणूचं डोकं ओळखायचं, फ्रेममागून फ्रेम त्याचा माग जोडायचा, आणि वेग नि दिशा काढायची. माझ्या रोजच्या कामासारखंच! म्हणून तर मला त्याच्या खोड्या लगेच कळल्या. फ्रेम कमी घेतल्या तर वाकडी वाट सरळ दिसते. डोक्याचा आकार बैलाचा धरला तर कुत्र्याच्या नमुन्यात गफलत होते. काच गार असेल तर चांगले शुक्राणूही मंद दिसतात. दशांशापर्यंतचा आकडा बघून विश्वास बसतो, पण तो आकडा कुणीतरी लावलेल्या सेटिंगमधून आलेला असतो.

शिवाय पळणं ही एकच गोष्ट झाली. शुक्राणूच्या डोक्यावर एक टोपी असते. तिच्यातली रसायनं स्त्रीबीजाचं कवच भेदतात. गोठवताना ती टोपी फाटलेली असेल तर शुक्राणू मस्त पळतो, पोचतो, आणि दारात उभा राहतो, किल्लीशिवाय. म्हणून रंग वापरून टोपी बघतात. पेशीचं आवरण शाबूत आहे का ते बघायला शुक्राणू पातळ द्रावणात टाकतात. आवरण धड असेल तर पाणी आत शिरून शेपूट गुंडाळतं. काही प्रयोगशाळांत कुत्रीच्या स्त्रीबीजाच्या कवचाला किती शुक्राणू चिकटतात तेही मोजतात.

या सगळ्या तपासण्यांचा एक उपयोग नक्की आहे. वाईट माल ओळखता येतो. एकही हलत नसेल तर आशा सोडा. पण चांगला दिसणारा माल फळेलच, हे यातली कुठलीही तपासणी छातीठोक सांगत नाही.

माणसाच्या बाबतीत कमजोर वीर्यावर दुसरा रस्ता निघाला. आमच्या घरापासून जवळच परळला केईएम हॉस्पिटल आहे. तिथं डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. शुक्राणू आणि स्त्रीबीज बाहेरच भेटवायचे. कुत्रीत हे इतकं अवघड होतं की बाहेर फलन करून पिल्लं जन्माला यायला २०१५ साल उजाडलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९ गर्भ एका कुत्रीत सोडले, सात पिल्लं झाली.

इतकं अवघड का, ते कळलं की अख्खी गोष्ट उलगडते.

वेळ आणि हात

बहुतेक प्राण्यांत स्त्रीबीज बाहेर पडतं तेव्हा ते तयार असतं. कुत्रीत ते कच्चं बाहेर पडतं. पिकायला आणखी दोन ते तीन दिवस लागतात.

आता शुक्राणूकडून बघा. ताजे शुक्राणू कुत्रीच्या शरीरात पाच-सहा दिवसही जगतात. आधी पोचले तर थांबून राहतात. म्हणून गावातल्या कुत्र्यांना कॅलेंडर लागत नाही. पण गोठवून वितळवलेले शुक्राणू जगतात बारा ते चोवीस तास. एक दिवस आधी दिले तर वाट बघत मरतात. उशीर झाला तर बीज गेलेलं असतं. म्हणून कुत्रीचं रक्त एक-दोन दिवसांआड तपासून प्रोजेस्टेरॉन कधी चढतं ते बघायचं, त्यावरून बीज सुटल्याचा दिवस काढायचा, आणि तिथून दोन-तीन दिवस मोजायचे.

आणि एवढं करून ते योनीत सोडलं तर बरेच वाटेतच संपतात. ते थेट गर्भाशयात पोचवावं लागतं. कुत्रीच्या गर्भाशयाचं तोंड आत, वाकडं आणि हाताला सहज न लागणारं. स्पालान्झानीला नशिबानं साथ दिली असावी. यावर तोडगा नॉर्वेमध्ये निघाला. १९७० च्या दशकात तिथल्या अँडरसन यांनी लांब नळीतून आत बारीक धातूची सुई-नळी सरकवायची पद्धत बसवली. बाहेरून पोटावर एका हातानं गर्भाशयाचं तोंड धरायचं, दुसऱ्या हातानं नळी. हीच रीत नॉर्वेच्या कोल्ह्यांच्या फार्मवर खूप वापरली गेली. फरच्या धंद्यासाठी तिथं कोल्हे पाळायचे. हंगामात शेकडो कोल्ह्यांवर हात बसला, आणि तो हात कुत्र्यांच्या कामी आला.

ज्यांनी ही कामं सलग केली त्यांच्या नोंदींतून एक गोष्ट परत परत निघते. तेच वीर्य, पण दिवस अचूक आणि जागा अचूक असेल तर पिल्लं होण्याचं प्रमाण खूप वाढतं. मग पिल्लं झाली नाहीत तर दोष कुणाचा? वीर्याचा, दिवसाचा, नळी धरणाऱ्या हाताचा, की कुत्रीचा? एकाच प्रयत्नावरून ते वेगळं काढताच येत नाही. हजार गायींत ते विरून जातं. तीन कुत्र्यांत विरत नाही.

म्हणून माझं उत्तर असं झालंय. आपण विचारतो, "या स्ट्रॉची सुपीकता किती?" जणू तो आकडा स्ट्रॉवर छापलेला आहे. पण सुपीकता एकट्या स्ट्रॉत नसते. स्ट्रॉ, कुत्री, दिवस आणि हात या चौघांची मिळून ती असते. स्ट्रॉ तपासून आपण चारातला एकच जण तपासतो.

मग मामाला काय सांगितलं?

हा प्रश्न मामाच्या एका कुत्र्यापुरता नाही. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या मालोजीराजांनी ही पैदास सांभाळली असं तिकडं अभिमानानं सांगतात. जवळच तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. टपाल खात्यानं २००५ मध्ये या जातीचं तिकीट काढलं. आणि २०२० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संस्थेनं राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ या तीन कुत्र्यांच्या जातींची अधिकृत नोंद केली. गायी-म्हशींच्या जाती त्या यादीत कधीच्या होत्या, कुत्रे तेव्हा आले. जत, सांगोला, मंगळवेढ्याकडच्या वस्त्यांवर मात्र ही कुत्री कागदाशिवाय पिढ्यान्पिढ्या आहेत. कुठली चांगली, कुणाची कुणापासून, हे माणसांच्या डोक्यात असतं.

मी मामाला फोन लावला. म्हटलं, "मामा, गोठवता येतं. पण बाज्या दहाचा झालाय. या वयात वीर्य उतरतं, गोठवलेलं आणखी उतरेल. मोजक्या मात्रा मिळतील. चांगल्या आहेत का बघायला त्यातलीच एक मोडावी लागेल. आणि मशीननं चांगलं म्हटलं तरी पिल्लं होतीलच असं कुणी लिहून देणार नाही. पाच वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, घे करून."

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हंजी डबा हाय, पर डब्यात काय हाय ते उघडल्याबिगर कळत न्हाई. आन उघडला की संपला."

मी आठवडाभर वाचून जे समजलो होतो, ते याला एका वाक्यात.

मग मी त्याला दुसरं काम सांगितलं. गोठवायचं सोडून दे. बाज्या अजून चालता-फिरता आहे, तर नात्यातली नसलेली चांगली कुत्री बघ आणि आत्ताच पैदास कर. पिल्लं कुणाकुणाला दिली ते वहीत लिही. गावं, नावं, तारखा. पुढच्या पिढीतला एखादा नर तरुण असताना, दोन-तीन वर्षांचा असताना, हवं तर त्याचं गोठवायला बघू. बॅकअप घ्यायचा तो डिस्क धड असताना. आणि पाच घरी पाच पिल्लं वाढतायत, हाही बॅकअपच आहे. तो रोज रिस्टोअर होतोय, भाकरी खातोय, रात्री भुंकतोय.

मामा म्हणाला, "सांगोल्याकडं एक हाय बघितलेली."

ती कुत्री मामाकडे आठवडाभर राहून गेली. मी मोबाईलमध्ये त्या दिवसापासून मोजणी लावलीये. कुत्रीचे दिवस साधारण ६३. मी हे रेकॉर्ड करतोय तेव्हा एकेचाळिसावा दिवस आहे. सोनोग्राफी करून घे म्हटलं तर मामा म्हणाला, "कशाला? हुतील तवा दिसतील की."

त्यानं वही मात्र घेतलीये. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. वर बाज्याचं नाव, त्याच्या आईचं नाव, ज्या वस्तीवरून आणला तिचं नाव. खाली रेघ मारून जागा मोकळी सोडलीये.

तर मंडळी, आजचा भाग इथं थांबवतो. तुमच्या गावाकडे कारवान, मुधोळ, पश्मी असं कुणाकडे असेल, तर त्याचं नाव आणि आई-बापांची नावं एवढी तरी लिहून ठेवा. आणि तुमच्या फोनमधल्या फोटोंचा बॅकअप असेल, तर आज रात्री त्यातला एक फोटो परत उतरवून बघा, उघडतोय का.

पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगतो, त्या मोकळ्या जागेत मामानं काय लिहिलं. भेटू.